कुलुपातला आवाज

मंगळवार, ३ मार्च

ताईच्या गळ्यातली गाठ वाईटच निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. कागदावर चित्र काढून त्यांनी सगळं समजावलं. मी चित्राकडे बघून मान हलवत होतो, डोक्यात काही शिरत नव्हतं. ताईनं मात्र नेमके दोन प्रश्न विचारले, जेवण कसं जाणार आणि श्वास कुठून घ्यायचा. उभा जन्म बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढलाय तिनं, तिला कोण गुंडाळणार?

बाहेर आल्यावर मलाच झापलं. "तोंड पाडून बसू नकोस. गळा माझा कापणार आहेत, तुझा नाही."

मग वाचातज्ज्ञ बाईंकडे गेलो. ऑपरेशननंतर कसं बोलायचं ते या बाई शिकवतात. त्यांनी सांगितलं, आत्ताच आवाज साठवून ठेवा. भरपूर वाक्यं बोलून रेकॉर्ड करायची, ती मशीनला द्यायची, आणि मशीन तो आवाज शिकून घेतं. पुढे ताईनं फोनवर काही टाइप केलं की ते ताईच्याच आवाजात ऐकू येणार.

"म्हणजे मी मेल्यावरही हा टाइप करत बसेल आणि मला बोलायला लावेल," ताई म्हणाली. बाई खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

बाईंच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नंबर लागेपर्यंत ऑपरेशन होऊन जाईल, म्हणून घरीच फोनवर करा म्हणाल्या. वाक्यांची यादी दिली. ऑपरेशन एक एप्रिलला. लोकांची चेष्टा करायची तारीख, पण डॉक्टरांना तेवढीच मोकळी होती.

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. ताई म्हणाली, डॉक्टर काय काय म्हणतात ते रोज लिहून ठेव, तुझ्या डोक्यात काही राहत नाही. म्हणून हा उपद्व्याप.

शुक्रवार, ६ मार्च

रेकॉर्डिंग पाठवायची कुठे यावरून फोनवर अर्धा तास वाद. मी म्हटलं, माझ्या फोनवर पाठव. तर म्हणे, "तुझ्या फोनवर? तू फोन बसमध्ये ठेवून उतरतोस." दोनदाच झालंय तसं. पण ताईच्या तोंडी ते कायमचं बसलं.

"त्यापेक्षा तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल करते," ती म्हणाली. "तिथे निदान राखण असेल."

हे मात्र मला पटलं. खरं सांगायचं तर मी थोडी फुशारकीच मारली. म्हटलं, आमच्याकडची सुईसुद्धा बाहेर जात नाही, असा बंदोबस्त आहे. विम्याचं ऑफिस म्हणजे लोकांच्या आजारांची सगळी कागदपत्रं आमच्याकडे, मग बंदोबस्त हवाच. ताई एकदम खूश. "बघ, तुझा काही तरी उपयोग झाला."

दुसरी अडचण तिच्या फोनची. जागाच नाही त्यात. तिनं बाळंतपणं केलेल्या बायका अजून पोरांचे फोटो पाठवतात, वाढदिवसाचे, शाळेचे, कुणाचं आता लग्नही झालं. त्यातला एक फोटो पुसायला ताई तयार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, फोटो ठेव. रेकॉर्डिंग माझ्याकडे पाठवलंस की तुझ्याकडचं लगेच पुसत जा. माझ्याकडे आल्यावर दोन दोन ठिकाणी कशाला हवंय?

"लगेच पुसू?"

"लगेच."

सोमवार, ९ मार्च

पहिला मेल आला. खाली अटॅचमेंट, 'रेकॉर्डिंग १'. मजकूर काही नाही, नुसतं "घे".

आमच्या ऑफिसात अटॅचमेंट सेव्ह करणं म्हणजे एक दिव्यच. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे असं लोकांना वाटतं, पण ते कॉम्प्युटरचं चित्र आहे. खरा कॉम्प्युटर कुठे तरी तळघरात, आम्हाला फक्त पडदा दिसतो. संध्याकाळी बंद केला की त्या पडद्यावरचं सगळं पुसून जातं, सकाळी पुन्हा कोरी पाटी. पेन ड्राइव्हची भोकं बुजवलेली. मेलमधून फाइल बाहेर पाठवता येत नाही. आवाज तर नाहीच, स्पीकरच काढून टाकलाय. हे सगळं करणारं जे खातं तळमजल्यावर आहे त्याला आम्ही कुलूपखातं म्हणतो, आणि त्याच्या साहेबांना कुलूपवाले. तोंडावर नाही म्हणत.

फाइल ठेवायची असेल तर एकच जागा, शेअर ड्राइव्ह. तीही आमच्या विभागाला निम्मीच उघडी आहे. आत टाकता येतं, उघडून बघता येत नाही. सेव्ह करताना एक खिडकी येते, तिच्यात फक्त फोल्डरं दिसतात, आतल्या फाइली नाहीत. बाहेर काढायचं तर कुलूपखात्याकडे अर्ज करायचा. मी 'किरकोळ' नावाचं एक फोल्डर केलं. 'ताई' असं नाव दिलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं.

फाइल टाकली. मग मेल पुसला, कारण आमची मेलची पेटी बोटभर, एवढी मोठी अटॅचमेंट ठेवली तर कामाचे मेल यायचे बंद होतात. पुसलेलं संध्याकाळी कायमचंच जातं. ताईला फोन करून सांगितलं, पोचलं, ठेवलं, आता निर्धास्त राहा.

बुधवार, ११ मार्च

दुसरी फाइल. हिचंही नाव 'रेकॉर्डिंग १'! मला वाटलं तिनं परत तीच पाठवली. फोन केला तर चिडली. "मी मूर्ख आहे का? आजची नवीन आहे. परवाची तू सांगितलंस म्हणून पुसून टाकली." मग उलगडा झाला. फोन बिचारा मोजतो तेवढंच. आधीचं पुसलं की पुन्हा एकपासून सुरू. हसलो.

सेव्ह करताना पडद्यावर आलं, 'या नावाची फाइल येथे आधीपासून आहे. बदलायची का?' खाली होय आणि नाही. आधी मी 'नाही' दाबलं. उगाच नावं बदलून घोळ नको. तर मशीन अडून बसलं, ठेवायलाच तयार नाही. मग 'होय' म्हटलं. म्हटलं बदल बाबा, तुझ्या मनाला येईल ते नाव दे. लगेच ठेवलं. आमच्या दाव्यांच्या प्रोग्रामातही असंच आहे, एकाच नावाचे दोन कागद आले की तो स्वतःच पुढे आकडा घालतो. कुलूपखात्यात कुणाला तरी अक्कल आहे म्हणायची.

मंगळवार, १७ मार्च

मेल रोज एक येतोय, कधी दोन. टाक, होय, पूस. हाताला सवय झाली.

आज ताईशी फोनवर वाजलं. वाचातज्ज्ञ बाईंची यादी ती धड बोलतच नाही म्हणे. "'आज हवा छान आहे.' हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलंय का? कशाला रेकॉर्ड करू?"

"मग काय बोलतेस?"

"मला लागतं ते."

"उदाहरणार्थ?"

"दार लोटून घे. तो शर्ट आधी धुवायला टाक. किती वेळ आंघोळ करतोस? औषध घेतलंस का? खोटं बोलू नकोस."

मी म्हटलं, ताई, हे सगळं मलाच आहे. तू तिकडे, मी इकडे चार तासांवर. दुकानात काय बोलणार, डॉक्टरांशी काय बोलणार ते रेकॉर्ड कर ना. तर म्हणे दुकानात बोटानं दाखवता येतं. ऐकत नाही कुणाचं. आवाज इतका बसलाय, तरी हट्ट मात्र खणखणीत.

गुरुवार, १९ मार्च

आज मोठी फाइल होती, सेव्ह व्हायला वेळ लागला. दुपारी ताईचा फोन, म्हणाली, "आज आईची अंगाई म्हटली. चारच ओळी आठवल्या. पाचवी तुला आठवते का?"

मला कुठली आठवणार? आई गेली तेव्हा मी पाळण्यातून नुकता उतरलो होतो. आईचा आवाज म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही. मला अंगाई म्हणून जे आठवतं ते ताईचंच म्हणणं असावं, तेही अर्धवट.

मी म्हटलं, "मशीनला गाणं कशाला हवंय, ताई? बोलायचं शिकायचंय त्याला."

"मशीनसाठी नाही म्हटलं," ती म्हणाली आणि शेजारणीनं बेल वाजवली म्हणून फोन ठेवला.

घाईत होतो. सहा वाजेपर्यंतचे दावे निपटायचे होते. टाक, होय, पूस.

रविवार, २२ मार्च

ताईकडे जाऊन आलो. किल्ली होती, आत शिरलो तर घरात कुणीच नाही. आतल्या खोलीतून पुटपुट ऐकू आली. बघतो तर ताई कपड्यांच्या कपाटात! पाय बाहेर, धड आत, डोकं साड्यांच्या घडीत. वाचातज्ज्ञ बाईंनी सांगितलंय म्हणे, कपड्यांत आवाज घुमत नाही, रस्त्याचा गोंगाट येत नाही. माझा बूट कुरकुरला तशी आतूनच ओरडली, "बूट काढ! आता हे पण रेकॉर्ड झालं!"

ओरडली म्हणजे कुजबुजलीच. वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाच्या बाईला "जोर दे!" म्हणून हुकूम सोडणारा आवाज आता खरवडून खरवडून निघतो. कोमट पाण्याचा तांब्या जवळ ठेवलेला. दोन वाक्यं बोलते, घोटभर पिते, पुन्हा दोन.

मी म्हटलं, एखादं ऐकव तरी.

"कुठून ऐकवू? पुसलं की. तुझ्याकडे आहेत ना, तिथे ऐक."

ऑफिसात आवाज ऐकू येत नाही हे मी तिला सांगितलं नाही. उगाच तिला वाटायचं, हा न ऐकताच ठेवतोय. आता ऐकून तरी काय करायचं? तीच समोर होती. दोन वेळा चहा झाला. तिनं माझी पँट आखूड झाल्याबद्दल बोलून घेतलं. निघताना फाटकापर्यंत आली, काही तरी म्हणाली. बसचा हॉर्न वाजला, मला ऐकू आलं नाही. मी हात हलवला.

शुक्रवार, २७ मार्च

यादी संपली म्हणे, स्वतःचीही आणि बाईंचीही. "आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही," असं ताई म्हणाली. हे ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो, असं म्हणून मी विनोद केला. पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "सगळी नीट आहेत ना?"

"कुलुपात आहेत, ताई."

मंगळवार, ३१ मार्च, रुग्णालय

ताईला दाखल केलं. स्वतःच्याच जुन्या रुग्णालयात, पण वरच्या मजल्यावर. तिच्या हाताखाली तयार झालेली एक सिस्टर आहे, सगळे तिला छोटी सिस्टर म्हणतात, आता निवृत्तीला आली. तीच रात्री सोबत थांबणार आहे. दोघी मिळून तरुण नर्सांच्या चुका काढत बसल्यात. मला चहा आणायला तीनदा खाली पाठवलं. परत आलो की ताई फोन उशीखाली सरकवायची. फोटो बघत असेल पोरांचे.

बुधवार, १ एप्रिल

झालं. आहे. जिवंत आहे.

गळ्याला भोक ठेवलंय, त्यातूनच श्वास. शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे बघून ओठ हलवले. मी "काय?" म्हटलं. पुन्हा हलवले. मला कळलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

सोमवार, ६ एप्रिल

रजा संपली, कामावर आलो. ताईजवळ छोटी सिस्टर आहे. ताई आता लिहून बोलते, पांढरी पाटी आणि काळं पेन दिलंय तिला. अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे. काल लिहून विचारलं, 'मशीन कधी?' वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या, रेकॉर्डिंग आणून द्या, पंधरवड्यात आवाज तयार होईल. ताईनं लगेच पाटीवर लिहिलं, 'आधी याला झापणार.' तिला हसू आलं, पण हसताना दुखलं.

मेल उघडला तर मंगळवारचा एक ताईचा! 'रेकॉर्डिंग १'. म्हणजे मला चहाला पिटाळून हा उद्योग चालला होता. घ्या, शेवटचीही आली. टाक, होय, पूस.

मग कुलूपखात्यात अर्ज दिला, 'किरकोळ' फोल्डरमधलं सगळं बाहेर काढून हवंय म्हणून. खासगी आहे हे लिहावंच लागलं. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी बोलावून भुवया उंचावल्या. ऑफिसची जागा घरच्या कामाला वापरता? मी काय ते सांगितलं. बाईंनी सही केली. वर "बहिणीला नमस्कार सांगा" म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणूस वाटल्या.

गुरुवार, ९ एप्रिल



कुलूपवाले स्वतः वर आले. असं कधी होत नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुमच्या फोल्डरमध्ये एक फाइल आहे."

मी म्हटलं, "एक कशी? महिनाभर टाकतोय. फोल्डर चुकलं असेल, 'किरकोळ' बघा."

"'किरकोळ'च बघितलं. 'रेकॉर्डिंग १'. एकतीस मार्चला रेकॉर्ड केलेली."

"अहो, सगळ्यांचं नाव तेच होतं. तुमचं मशीन नावं बदलून ठेवत होतं. दर वेळी विचारायचं ना, बदलायची का म्हणून!"

कुलूपवाले माझ्याकडे बघतच राहिले. मग हळू म्हणाले, "नाव नाही हो. फाइल. बदलायची म्हणजे जुनी काढून तिच्या जागी नवी ठेवायची का, असं विचारतं ते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी ओरडायला लागलो. सगळं ऑफिस बघत होतं. म्हटलं, मग तसं लिहा ना! जुनी काढून टाकू का, असं लिहायला काय धाड भरली होती? बदलायची का म्हणजे माणूस काय समजणार? बदलणं म्हणजे काय पुसणं झालं? ते बिचारे "हो, हो, चुकीचंच लिहिलंय," म्हणत राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडलेच नाहीत.

रोजची नक्कल निघते ना तुमच्याकडे, मी विचारलं. म्हणाले, निघते, पण जे आहे त्याची निघते, आणि आदल्या नकलेच्या जागीच बसते. पुसलेले मेल? ते गेले. ताईच्या फोनमधलं? ते मीच पुसायला लावलं होतं.

मीच. लगेच, म्हणालो होतो.

एक फाइल त्यांनी परवानगी काढून माझ्या फोनवर दिली. आवारात गाड्या लावतात तिथे मागे जाऊन ऐकली. यादीतली नाही. उतरवून ठेवतो, ही तरी कुठे जायला नको.

"ढब्या, ही मशीनसाठी नाही. तू चहाला गेलास तेवढ्यात करतेय. छोटी, तू हसू नकोस गं. हां. तर उद्या काढणार हे. भीती वाटत नाही असं नाही, वाटते. इतक्या बायकांना म्हटलं काही होत नाही, काही होत नाही, आता मला कुणी म्हटलं की राग येतो. पण एक बरं झालं. सगळं तुझ्याकडे नेऊन ठेवलं. कुलुपात आहे. नाही तर मला झोप लागली नसती. तू आलास बहुतेक. हे बंद कुठून…"

मग माझाच आवाज येतो, "साखर कमी सांगितली आहे."

आणि संपतं.

शुक्रवार, १० एप्रिल

वाचातज्ज्ञ बाईंना फोन केला. एवढ्यावर मशीन काही शिकत नाही म्हणाल्या. जुने व्हिडिओ, लग्नातलं शूटिंग, काही? मी छोट्या सिस्टरला विचारलं, ताईच्या शेजारणीला विचारलं. सगळीकडे ताई कडेला उभी राहून दुसऱ्यांना सूचना देतेय, आवाज वाद्यांत बुडालेला. एका व्हिडिओत "अहो, त्या बाळाला धरा" एवढं स्पष्ट येतं. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचा तरी तयार आवाज मिळतो, बायकांचे चांगले आवाज आहेत, निवडता येतो.

निवडता येतो म्हणे.

दिवसभर ठरवत होतो, सांगायचंच नाही. मशीन बिघडलं म्हणायचं. बाईंच्याच डोक्यावर खापर फोडायचं. कुलूपखात्यानं पुसलं म्हणायचं, ते तर अर्धं खरंच आहे. तिला काय कळणार आहे? पण 'खोटं बोलू नकोस' हे वाक्य तिनं खास माझ्यासाठी रेकॉर्ड केलं होतं. तेही मीच पुसलं. रडू आलं. बसमध्ये रडलो, शेजारच्या माणसानं खिडकी लावून घेतली.

शनिवार, ११ एप्रिल

सांगितलं.

दुपारची वेळ होती, वॉर्ड झोपलेला. ताई उशीला टेकून बसली होती. मला बघताच पाटी उचलली. 'आणलंस?'

मी म्हटलं, आणलं. माझ्यात दम नव्हता. आधी ऐकवू, मग सांगू, असं वाटलं. फोन तिच्या कानाशी धरला. तिनं स्वतःचा आवाज ऐकला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मान जरा तिरकी करून, दुसऱ्याच कुणाचं ऐकावं तसं. "छोटी, तू हसू नकोस गं" आलं तेव्हा गळ्यावरच्या भोकातून हवा सुटली, ते हसूच होतं. साखरेचं वाक्य आलं तेव्हा माझ्या हातावर चापट मारली.

मग पाटीवर लिहिलं, 'पुढचं लाव.'

"पुढचं नाहीये, ताई."

'अंगाई लाव.'

मग सगळं सांगितलं. नाव एकच होतं ते, मशीन काय विचारायचं ते, मी काय समजलो ते. कुलूपवाल्यांवर ढकलायची लहर आली होती, पण ढकललं नाही. होय मी दाबलं, दर वेळी मी दाबलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनं लिहिलं, 'सगळी?'

मी मान हलवली.

ती पाटीकडे बघत बसली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे. मोठ्या आजारातून उठलेली माणसं असं म्हणतात. मी तर मनात तयारीही केली होती, ती म्हणेल जाऊ दे आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवीन.

तिनं पाटी पायाशी टाकली. पेनही टाकलं. आणि बोलायला लागली.

आवाज नाही, काही नाही. पण तोंडभर बोलत होती. भुवया चढल्या, बोट माझ्या नाकासमोर नाचायला लागलं, दुसऱ्या हातानं कपाळावर मारून घेतलं. ताई चिडली होती. नुसती नाही, लहानपणी मी विहिरीच्या कठड्यावर चढलो होतो तेव्हा चिडली होती तशी. गळ्यातून सूं सूं हवा येत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते न पुसता ती बोलतच होती. एक शब्द ओळखता आला, 'आई'. एक बहुतेक 'महिनाभर'. बाकीचं इतक्या वेगानं चाललं होतं की काही कळत नव्हतं. तरी मी "काय?" म्हटलं नाही. शेजारच्या पलंगावरची म्हातारी आमच्याकडे तोंड करून झोपली होती, ती जागीही झाली नाही. छोटी सिस्टर दारात आली, आमच्याकडे बघून तशीच मागे गेली.

किती वेळ चाललं ते कळलं नाही. ताई रागावली की मी खाली बघतो, पहिल्यापासूनची सवय आहे, नजर जमिनीवर आणि हूं हूं करत राहायचं. आज वर बघत बसलो. खाली बघितलं असतं तर काहीच ऐकू आलं नसतं.